विल्यम विल्बरफोर्स आणि त्यांची अफूची गोळी

सनाबिसला आमच्या शेजारी एक मराठी कुटुंब राहते. घरातल्या आजींना कर्करोग झाला असून तो आता हाडांत उतरला आहे. डॉक्टरांनी दुखण्यावर मॉर्फीनच्या गोळ्या दिल्या आहेत, घड्याळ लावून घ्यायच्या. मध्यंतरी अंथरूण झाडताना सूनबाईंना उशीखाली कागदाची एक पुडी सापडली. पुडीत अर्ध्या अर्ध्या मोडलेल्या गोळ्या होत्या. आजी निम्मी गोळी घेत होत्या, निम्मी राखून ठेवत होत्या, आणि रात्रभर कण्हत होत्या. विचारले तर म्हणाल्या की आत्ताच पुरी गोळी घेतली तर ती अंगवळणी पडेल, आणि खरे दुखणे पुढे येईल तेव्हा लागू पडणार नाही. आणि लोक अफूबाज म्हणतील ते वेगळेच.

सूनबाई ती पुडी घेऊन आमच्याकडे आल्या. आम्ही शाळामास्तर, वैद्य नव्हे. त्यांना आम्ही डॉक्टरांकडेच पाठवले. पण त्या रात्री आम्हांला एका अशा गृहस्थांची आठवण झाली, ज्यांचे नाव आम्ही इतिहासाच्या तासाला वर्षानुवर्षे घेत आलो आहोत. गुलामांचा व्यापार बंद करणारे विल्यम विल्बरफोर्स. पाठ्यपुस्तकात त्यांचे कार्य असते, सनावळी असते. ह्या माणसाने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापासून मरेपर्यंत, म्हणजे सुमारे पंचेचाळीस वर्षे, औषध म्हणून रोज अफू घेतली, हे मात्र नसते.

विल्बरफोर्स ह्यांचा जन्म २४ ऑगस्ट १७५९ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल ह्या बंदरात झाला. घराणे सधन व्यापाऱ्यांचे. वडील १७६८ साली वारले आणि मुलाला काका-काकूंकडे विम्बल्डनला ठेवण्यात आले. ती माणसे फार धार्मिक होती. मुलगा हाताबाहेर जाऊन भजनी होईल ह्या धास्तीने आईने त्याला दोन-तीन वर्षांत परत आणले. (आपल्याकडे आया मुलगा बुवांच्या नादी लागेल म्हणून घाबरतात, तसाच प्रकार!) पुढे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात अभ्यासापेक्षा गप्पा, पत्ते आणि गाणे ह्यांतच वेळ गेला. आवाज गोड, बोलणे हजरजबाबी, आणि खिशात पैसा. तेथील ओळखीचे विल्यम पिट पुढे चोविसाव्या वर्षी पंतप्रधान झाले आणि जन्मभराचे मित्र राहिले. विल्बरफोर्स १७८० साली हलचे आणि १७८४ साली यॉर्कशर ह्या मोठ्या परगण्याचे प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात बसले. देहयष्टी अगदी किरकोळ, उंची जेमतेम सव्वापाच फूट, आणि डोळे लहानपणापासून अधू.

१७८४-८५ च्या प्रवासात आयझॅक मिलनर ह्या विद्वान मित्राच्या संगतीने त्यांचे मन धर्माकडे वळले. पत्ते सुटले, पहाटे उठणे सुरू झाले. १७८७ साली त्यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा लढा आपल्या हाती घेतला. आफ्रिकेतली माणसे जहाजांच्या तळाशी साखळ्यांनी बांधून अमेरिकेत आणि वेस्ट इंडीजमधील उसाच्या मळ्यांवर विकली जात. लिव्हरपूल आणि ब्रिस्टल ही बंदरे त्या पैशावर उभी होती. अशा धंद्याला हात घालायचा म्हणजे काय, ते वाचकांनी ओळखावे.

आणि नेमके तेव्हाच शरीराने दगा दिला. १७८८ च्या आरंभी आतड्याच्या दुखण्याने त्यांना अंथरुणाला खिळवले. पोटात कळा, जुलाब, ताप, अन्नावरची वासना उडालेली. हे दुखणे म्हणजे मोठ्या आतड्याला व्रण पडण्याचा विकार, ज्याला आज अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात, तो असावा असे बहुतेकांचे मत आहे. हा माणूस पंधरवडाही काढणार नाही, असे एका नामांकित वैद्याने सांगून टाकले. पार्लमेंटातला गुलामांविषयीचा ठराव त्या मे महिन्यात त्यांच्याऐवजी पिट ह्यांना मांडावा लागला.

त्यांना उठवले ते अफूने. अफू घ्यायला ते मुळीच राजी नव्हते. डॉ. पिटकेर्न ह्यांनी फार समजावले तेव्हा कोठे कबूल झाले. त्या काळी इंग्लंडात अफू किराण्याच्या दुकानातही मिळे. तिच्यावर कायद्याचे पहिले बंधन आले ते १८६८ साली. लोक तिला खोकल्याच्या औषधासारखे मानीत, पण विल्बरफोर्स ह्यांना मन मोहून टाकणाऱ्या कोणत्याही वस्तूचे भय होते. मिलनर ह्यांनीही त्यांना पत्रातून समजावले की औषधाच्या सवयीला इतके भिऊ नये, पोटाच्या दुखण्याची सवय त्याहून कितीतरी वाईट. मिलनर स्वतः दुखणेकरी होते आणि अफूशी त्यांचाही परिचय होता, तेव्हा त्यांचा शब्द अनुभवाचा होता.

एक वर्षाने, १२ मे १७८९ रोजी, विल्बरफोर्स सभागृहात तासन्‌तास बोलले. जहाजांवर एका माणसाला किती बोटे जागा मिळते येथपासून सगळे. पण १७९१ साली त्यांचे विधेयक ८८ विरुद्ध १६३ मतांनी पडले. १७९६ साली ते केवळ चार मतांनी हुकले, ७० विरुद्ध ७४, आणि ते का, तर त्यांच्या बाजूचे काही सभासद त्या संध्याकाळी संगीतनाटकाला गेले होते. ह्या धक्क्यानंतर दुखणे पुन्हा उसळले. तरी पुढच्या वर्षी पुन्हा विधेयक, पुन्हा पराभव. असे करता करता २३ फेब्रुवारी १८०७ ची रात्र उजाडली. १६ विरुद्ध २८३! सभागृह उभे राहून त्यांचा जयजयकार करीत होते आणि ते बाकावर बसून रडत होते. ह्या एकोणीस वर्षांत गोळी रोज चालूच होती.

आता त्या गोळीचा हिशेब पाहू, कारण आमच्या लेखाचा जीव तेथे आहे. १८१८ साली, म्हणजे अफू सुरू होऊन तीस वर्षे झाल्यावर, विल्बरफोर्स ह्यांच्या रोजनिशीत प्रमाण नोंदलेले आहे. चार ग्रेनची गोळी दिवसातून तीन वेळा, न्याहारीनंतर, चहानंतर आणि निजताना. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या जुन्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित अधिक. बारा ग्रेन म्हणजे पाऊण ग्रॅमच्या वर अफू झाली. चांगल्या अफूत दहा टक्क्यांच्या आसपास मॉर्फीन असते, म्हणून ढोबळ मानाने दिवसाला ७५ ते ८० मिलिग्रॅम मॉर्फीन पोटात जात होते. हे प्रमाण थोडे नव्हे. आजचे डॉक्टर दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या पुढे जाताना थबकून विचार करतात. पण त्यांच्या मुलांनी १८३८ साली पाच खंडांचे चरित्र लिहिले त्यात म्हटले आहे की अखेरच्या वीस वर्षांत वडिलांना हे प्रमाण वाढवावे लागले नाही. मुलांनी वडिलांची बाजू सावरून लिहिली असेल हे धरूनही, गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

कारण सर्वांचे असे होत नाही. विल्बरफोर्स ह्यांच्या आधीच्या पिढीतला एक इंग्रज पाहा. त्याला आपल्या कोकणी पूर्वजांनी डोळ्यांनी पाहिले होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे ह्यांचा विजयदुर्ग इंग्रजांनी घेतला तेव्हा समुद्रावर वॉटसनचे आरमार होते आणि जमिनीवरच्या फौजेवर होता रॉबर्ट क्लाइव्ह. पुढच्या वर्षीचे प्लासी सर्वांना ठाऊक आहे. ह्या क्लाइव्हला पोटात मरणप्राय कळा येत, बहुधा पित्ताशयातल्या खड्यांमुळे. तोही अफू घेई, आणि दुखणे वाढेल तशी अधिक घेई. शेवटच्या दिवसांत तो ती भारी प्रमाणात घेत होता. २२ नोव्हेंबर १७७४ रोजी लंडनच्या राहत्या घरी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. तो नेमका कसा झाला ह्यावर आजही वाद आहे.

एकच औषध आणि दोन माणसे. एकाच्या बाबतीत ते पंचेचाळीस वर्षे पुरले, दुसऱ्याच्या बाबतीत पुरेना. ह्याला केवळ स्वभावाचा निग्रह हे उत्तर आम्ही पूर्वी दिले असते. मास्तरांना असली उत्तरे आवडतात. पण शरीराचे शास्त्र आज अधिक सांगते.

अफूचे सत्त्व आपल्या मज्जापेशींवरील ठरावीक जागांवर जाऊन बसते. त्या जागा १९७३ साली सापडल्या, आणि शरीर स्वतःही तसलेच वेदनाशामक द्रव्य बनवते हे १९७५ साली कळले. बाहेरून रोज भरपूर सत्त्व येऊ लागले की पेशी त्याला दाद देण्याचे कमी करतात. हेच औषध अंगवळणी पडणे. पण सर्व परिणाम एकाच वेगाने अंगवळणी पडत नाहीत. पेंग आणि मळमळ काही दिवसांत ओसरते. श्वास मंदावण्याचा धोकाही सवयीने कमी होतो, जात मात्र नाही. वेदना शमवण्याची शक्ती काहींत घटते, काहींत दीर्घकाळ टिकते. आतड्याची चाल मंद करण्याचा परिणाम जवळजवळ अंगवळणी पडतच नाही, आणि म्हणून मॉर्फीन घेणाऱ्या रुग्णाला बद्धकोष्ठाचे औषध पहिल्या दिवसापासून द्यावे लागते. विल्बरफोर्स ह्यांना अफूकडून काय हवे होते? आतड्याची चाल मंद व्हावी हेच! जो परिणाम इतरांना जाच वाटतो तोच त्यांचे औषध होता. त्यांचे प्रमाण स्थिर राहिले ह्याचे एक मोठे कारण हे असावे असे आम्हांला वाटते. (आज कोणी ह्या विकारावर अफू घेऊ नये. आतड्याला सूज असताना तिने आतडे फुगून जिवावर बेतू शकते, आणि आता त्यावर चांगली औषधे आहेत.)

बाकीचे श्रेय त्यांच्या शिस्तीला द्यावेच लागेल. वेळ ठरलेली, गोळी मोजलेली, नोंद केलेली. मन उल्हसित करण्यासाठी त्यांनी ती कधी घेतली नाही. शिवाय सगळा भार त्यांनी अफूवर टाकला नाही. बाथच्या झऱ्यांचे पाणी, बेताचे खाणे, सभेच्या गडबडीतून काढलेली विश्रांती आणि रोजचे चालणे. आपले वारकरी हरिपाठ म्हणतात त्याप्रमाणे ते चालता चालता बायबलातले लांबलचक ११९ वे स्तोत्र तोंडपाठ म्हणत. उतारवयात पाठीचा कणा वाकला तेव्हा कपड्यांखाली चामड्यात मढवलेला पोलादी पट्टा बांधीत, आणि घराबाहेर फारच थोड्यांना ते ठाऊक होते. अफूने त्यांचे काहीच नुकसान केले नाही असेही नाही. दृष्टी पुढे फार क्षीण झाली आणि कामातला विस्कळितपणा वाढला, त्यात तिचा वाटा असावा असे काही चरित्रकारांना वाटते.

येथे आजींच्या पुडीकडे वळतो. औषध अंगवळणी पडणे, शरीर त्यावर अवलंबून राहणे आणि व्यसन, ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा अर्थ त्याच प्रमाणाने कमी गुण येणे. दुसरीचा अर्थ एकाएकी बंद केल्यास घाम, जुलाब, तगमग होणे, आणि हे कित्येक आठवडे औषध घेणाऱ्या कोणाचेही होते. तिसरीत माणूस नुकसान दिसत असूनही त्या वस्तूच्या मागे धावतो. आजींना पहिल्या दोन झाल्या तरी त्या अफूबाज होत नाहीत. आणि मॉर्फीन ही काही लोणच्याची बरणी नव्हे की आज वाचवले तर उद्या उरेल. दुखणे वाढल्यास डॉक्टरांना प्रमाण वाढवता येते, दुसऱ्या जातीचे औषध देता येते, मज्जातंतूंच्या वेदनेवरच्या गोळ्यांची किंवा किरणोपचारांची जोड देता येते. औषध बदलताना हिशेबाने येणाऱ्या प्रमाणापेक्षा पाव ते निम्मे कमी धरतात, कारण एका औषधाची सवय दुसऱ्याला पुरी लागू होत नाही. हे घरी करण्याचे काम नव्हे. शिवाय आजींच्या गोळ्या सावकाश विरघळणाऱ्या होत्या. तशी गोळी मोडली की बारा तासांचे औषध एकदम अंगात उतरू शकते. आजी ह्यातून सुखरूप राहिल्या हे नशीब.

दुखणे वाढले म्हणजे औषध अंगवळणी पडले, असेही लगेच धरू नये. पुष्कळदा मूळ रोगच पुढे सरकलेला असतो. क्वचित उलटाही प्रकार होतो, औषधानेच शरीर अधिक हळवे होऊन अंगभर दुखू लागते, आणि तेव्हा प्रमाण कमी केल्याने बरे वाटते. ही पारख तपासूनच होते.

कर्करोगाची गोष्ट वेगळी, आणि वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीची, गुडघेदुखीची वेगळी. अमेरिकेत २४० रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभराने अफूच्या जातीची औषधे घेणाऱ्यांची हालचाल साध्या औषधे घेणाऱ्यांपेक्षा काही सुधारलेली आढळली नाही, उलट त्रास जास्त झाला. म्हणून अशा दुखण्यात डॉक्टर आधी व्यायाम, शेक, पॅरासिटॅमॉल असे उपाय पाहतात. जे आधीच वर्षानुवर्षे ट्रॅमॅडॉलसारखे औषध घेत आहेत त्यांनी ते फटकन टाकू नये. महिन्याला दहावा हिस्सा, इतक्या सावकाश ते उतरवतात. मध्ये खंड पडला तर शरीराची सवय मोडते, आणि मग जुनेच प्रमाण एकदम घेतले तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. दारू किंवा झोपेच्या गोळ्या बरोबर घेणे तितकेच घातक. आणि गावाहून येताना कोणाच्या सांगण्यावरून ट्रॅमॅडॉल, कोडीन असले काही बॅगेत टाकू नका. आखाती देशांत ह्या औषधांवर कडक निर्बंध आहेत. स्वतःचे असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि आगाऊ परवानगी ह्यांची चौकशी करूनच आणावे.

अफूचे भय आपल्या लोकांत आले ते उगीच नव्हे. मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना निजवण्यासाठी बाळागोळी देत, तिच्यात अफू असे, आणि कित्येक मुले त्यातून उठलीच नाहीत. माळव्यात, शिंदे-होळकरांच्या मुलखात, पिकलेली अफू मुंबई आणि दमणच्या बंदरांतून चीनला जाई. त्या व्यापाराने चीनची काय दशा केली ते जगजाहीर आहे.

विल्बरफोर्स ह्यांची आम्ही आरती ओवाळावी असेही काही नाही. १८१३ साली हिंदुस्थानात मिशनऱ्यांना मोकळीक मिळावी म्हणून झगडताना आपल्या धर्माविषयी ते जे बोलले ते वाचून आजही राग येतो. घरचे मात्र ते फार प्रेमळ होते. १७९७ साली बार्बरा स्पूनर ह्यांच्याशी विवाह झाला, सहा मुले झाली, आणि घरात पाहुण्यांचा सदा राबता असे. थोरल्या मुलाने दुग्धव्यवसायात पैसा बुडवला तेव्हा म्हातारपणी राहते घर सोडून त्यांना मुलांकडे पाळीपाळीने राहावे लागले. त्याबद्दल त्यांनी कुरकुर केली नाही.

१८०७ च्या कायद्याने व्यापार थांबला होता, गुलाम मात्र गुलामच होते. त्यांच्या मुक्तीसाठी १८२३ साली नवी संस्था निघाली, तिच्यातही हे होते. १८२५ साली प्रकृतीपायी त्यांनी पार्लमेंट सोडले. २६ जुलै १८३३ रोजी गुलामगिरी बंद करण्याचे विधेयक खालच्या सभागृहात पुरे होणार हे निश्चित झाल्याची बातमी त्यांना अंथरुणावर कळली. तीन दिवसांनी, २९ जुलैला, ते गेले. वेस्टमिन्स्टर ॲबीत मित्र पिट ह्यांच्या जवळच त्यांना पुरले आहे. दोन कोटी पौंडांची भरपाई सरकारने दिली ती मालकांना. गुलामांना काही नाही.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशस बेटावरचे गुलाम कायद्याने मुक्त झाले, आणि उसाच्या मळ्यांना माणसे हवी म्हणून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेणे वाढले. मुंबई बंदरातून गेलेल्या त्या जहाजांत रत्नागिरीकडची आपली कोकणी माणसे होती. त्यांच्या वंशजांची मराठी घरे तेथे आजही आहेत. आपल्या ह्या बेटावर गुलामगिरी कायद्याने गेली ती त्यानंतर शंभरावर वर्षांनी, १९३७ साली.

आजींची पुडी डॉक्टरांनी ताब्यात घेतली. सूनबाईंनी आमच्याकडून वहीचा एक आखीव कागद नेला. तो आता त्यांच्या फ्रिजवर चिकटवला आहे. सकाळी आठ, रात्री आठ, शेजारी पोट साफ होण्याचे औषध, आणि दुखणे दहापैकी किती ते लिहायची एक रकाना. परवा आम्ही गेलो तेव्हा आजींनी स्वतःच्या हाताने त्यात चार लिहिले होते.